कंदील जळत होता

१

मळीवाडीचा अर्जुना विहिरीत मेला, याबद्दल गावात दुमत नव्हतं. कशानं मेला, याबद्दल मात्र दर डोई एक मत होतं. फौजदार वर्धमान मगदूम यांनी ती सगळी मतं सकाळपासून उभ्यानं ऐकून घेतली होती. पुरानं गावात बसण्यासारखी कोरडी जागाच ठेवली नव्हती.

"पिऊन उतरला हुता," एक जण म्हणाला.

"जनावर चावलं," दुसरा म्हणाला. पुरात पुष्कळ साप वाहून आले होते, हे खरं होतं. अर्जुनाच्या अंगावर दंश नव्हता, हेही खरं होतं. पण दुसऱ्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

तिसऱ्यानं दबक्या आवाजात आसरांचं नाव घेतलं. पाण्यातल्या त्या बायांना म्हणे उपसलेली विहीर खपत नाही. चौथ्यानं मगदूमांना बाजूला नेलं, मुकादम बिराप्पानंच अर्जुनाच्या डोक्यात घमेलं घातलं असं सांगितलं आणि लगेच, "मी न्हाई म्हनत, लोकं म्हनत्यात," असंही सांगितलं. अर्जुनाच्या डोक्याला खरचटलेलंही नव्हतं.

कृष्णामाई गावात शिरून, चार दिवस पाहुणचार घेऊन परत गेली होती. जाताना तिनं गावातल्या विहिरींत मेलेली म्हसरं, कडबा, गाळ आणि कुणाची तरी लग्नातली पत्र्याची पेटी ठेवली होती. प्यायला पाणी नव्हतं. म्हणून सांगलीहून विहिरी साफ करणारी टोळी आली होती. टोळीवर ओव्हरसियर लालासाहेब निकम होते, आणि सोबत पाणी उपसायला एक रॉकेलचं इंजिन. पाणी उपसायचं, गडी खाली उतरवायचे, घमेल्यांनी घाण वर काढायची, मग औषध टाकायचं. दुष्काळात रस्ते फोडणारेच गडी आता पुरात विहिरी उपसत होते. आकाशानं काहीही केलं तरी काम त्यांनाच होतं.

आदल्या दुपारी गावविहिरीत बिराप्पा आणि अर्जुना दोघं होते. बिराप्पा ओकत वर आला. अर्जुना आला नाही.

एका गोष्टीवर मात्र पिणारे, न पिणारे, साप मानणारे, आसरा मानणारे सगळे एक होते.

"कंदील जळत हुता, सायब."

विहिरीत उतरण्याआधी दोराला बांधून कंदील सोडायचा, ही या मुलखाची जुनी रीत. कंदील विझला तर खाली वाईट हवा, उतरायचं नाही. जळत राहिला तर हवा चांगली, बिनघोर उतरायचं. अर्जुनाला काढायला गडी खाली गेले तेव्हा त्याच्या उशाशी कंदील छान जळत होता. तेव्हा हवेचा प्रश्नच मिटला.

"आम्ही संरक्षणाची सगळी साधनं पुरवली होती," लालासाहेब म्हणाले. ते रहिमतपूरचे, पदविकाधारक, आणि पुरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. "कंदील एक. दोर एक. वासानं मळमळू नये म्हणून माणशी गुळाचा खडा. आता मद्यप्राशन करून कुणी उतरलं तर शासन काय करणार? तुम्ही तसं लिहून टाका, मगदूमसाहेब. सोमवारी मोठे साहेब पाहणीला येणार आहेत, त्याआधी मला वरच्या वस्तीची विहीर मोकळी करायची आहे."

"कधी उतरवणार गडी?"

"उद्या सकाळी."

"आणि अर्जुनाच्या जागी कोण?"

उत्तर लालासाहेबांच्या मागून आलं.

"माजा भाऊ," कुणी बाई म्हणाली.

२

ती दगडाबाई, अर्जुनाची बायको. मगदूमांना वाटलं, आता ही रडेल. रडणाऱ्या बाईपुढं काय करायचं हे पोलीस खात्यानं त्यांना कधी शिकवलं नव्हतं. पण ती रडली नाही.

"सायब, त्यानला कुनी मारलं ते मला नगं," ती म्हणाली. "कशानं मारलं तेवडं सांगा. उद्या आकारामाला त्याच इंजिनावर, त्याच कंदिलावर खाली सोडत्यात. जे काय हाय ते तितं बी आसंल तर?"

"तो नाही म्हणत नाही का?"

"त्यो म्हनतो, आक्का, कंदील जळत हुता."

हे वाक्य ऐकलं की मगदूमांच्या कपाळावरची शीर उडायला लागली होती. शेजारी हवालदार जोतिबा कानातलं पाणी काढत उभा होता. मगदूमांनी बाईला सांजेपर्यंत उत्तर देतो म्हणून सांगितलं आणि सांगून झाल्यावर ते स्वतःवरच चिडले. कारण उत्तराचा पत्ता नव्हता, आणि सांज मात्र ठरल्यासारखी येणार होती.

३

बिराप्पा देवळाच्या ओट्यावर डोक्याला टॉवेल घट्ट आवळून बसला होता.

"डोकं दुखतंय?"

"व्हय सायब. उन्हानं."

पंधरवडाभर सूर्य दिसला नव्हता. मगदूमांनी वर बघितलं. बिराप्पानंही बघितलं.

"मंग पावसानं आसंल," तो म्हणाला.

"अर्जुना पिऊन होता?"

"छ्या! गळ्यात माळ हुती की त्याच्या."

"मग तो पिऊन होता असं कोण म्हणालं?"

"निकम सायब म्हनलं."

"आणि तू?"

"मी बी हूं म्हनलं. सायबानं म्हनल्यावर..."

मगदूमांनी दीर्घ श्वास घेतला. पुराच्या गावात दीर्घ श्वास घेणं ही चूक होती. "खाली काय झालं ते सांग. सायब काय म्हणाले ते नको."

"अर्जुना येड्यागत हसाय लागला. घमेलं हातातनं पडलं. म्हनला, मुकादम, पायात जीव न्हाई, जरा बसतो. मला वाटलं चेष्टा करतोय. मंग माजं बी पाय लटपटाय लागलं, डोस्कं फुटंल आसं ठणकाय लागलं. कसा वर आलो मलाच ठावं न्हाई. वर आलो आन् भडाभडा ओकलो. घान वासानं."

"किती विहिरी साफ केल्यास आजवर?"

"मोजल्यात कुनी? ह्या पुरातच पाच-सा आसतील."

"त्यात कधी ओकलास?"

"न्हाई बा."

"मग कालच वास आला?"

बिराप्पा विचारात पडला. हा प्रश्न त्यालाही आवडला असावा, कारण टॉवेल सैल करून तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला.

इंजिनवाला नानासो मात्र विचारात पडणाऱ्यांपैकी नव्हता. मगदूम समोर जाताच तो ताठ उभा राहिला.

"नाव काय तुझं?" मगदूमांनी विचारलं.

"इंजिन वरच हुतं, सायब!"

मगदूमांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढं लांबलचक नाव? आईबापांनी ठेवलं की निकम साहेबांनी?"

४

डॉक्टर शाळेत लस टोचायला बसले होते. अर्जुनाचं प्रेत त्यांनीच तपासलं होतं. टोचून घेणाऱ्यांची रांग दारातून बाहेर गेली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण मागच्याला पुढं जायचा आग्रह करत होता.

"पोटात दारू नाही," डॉक्टर सुई उकळत म्हणाले. "फुप्फुसात पाणी नाही. दंश नाही, मार नाही."

"म्हणजे काही नाही. उत्तम!"

"एक आहे. चेहऱ्याचा रंग. मेलेला माणूस पांढरा पडतो, निळा पडतो. हा लालबुंद होता. नुकता पळत आल्यासारखा. रक्तही तसंच, कुंकवासारखं. नमुना पुण्याला पाठवलाय. दिवाळीपर्यंत काहीतरी कळेल."

"दिवाळीपर्यंत! उद्या सकाळी माणूस उतरतोय, डॉक्टर!"

"मग पुण्याला सांगा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. मग जरा थांबून, "असा रंग मी एकदाच पाहिला होता. गेल्या हिवाळ्यात. नवराबायको खोलीची दारंखिडक्या लावून, आत कोळशाची शेगडी पेटवून निजले. सकाळी दोघंही तसेच लालबुंद. झोपल्यासारखे. कोळशाला धूर नसतो हो, म्हणून माणूस फसतो. जो वायू निघतो त्याला ना वास, ना रंग. रक्तात भिनतो आणि माणूस हसतहसत जातो."

मगदूम खुर्चीतून अर्धवट उठले. "त्या खोलीत दिवा होता?"

"होता की. कोनाड्यात चिमणी."

"विझली होती?"

"छे. जळत होती. मीच विझवली, रॉकेल कशाला वाया..."

डॉक्टर तिथंच थांबले. सुई उकळत राहिली.

"म्हणजे माणूस मरतो," मगदूम सावकाश म्हणाले, "आणि दिवा जळत राहतो."

"दिव्याला रक्त नसतं, फौजदारसाहेब."

हे कळल्याचा आनंद मगदूमांना शाळेच्या फाटकापर्यंत पुरला. तिथं त्यांच्या लक्षात आलं की मळीवाडीच्या विहिरीत कुणी शेगडी पेटवली नव्हती.

५

गावविहिरीच्या काठावर ते रॉकेलचं इंजिन दिमाखात उभं होतं. मगदूम त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. सगळीकडं पुराचा गाळ साचला होता, लोण्यासारखा मऊ. इंजिनाखालचा गाळही तसाच होता. त्यावर तेलाचा थेंब नव्हता. इंजिन सुरू झालं की थरथर कापतं, रुतून बसतं, खाली खड्डा पाडतं. इथं तर पोळपाटावरच्या पोळीसारखं सगळं सपाट.

"जोतिबा, तुझ्या फलटणच्या मळ्यात विहिरीवर इंजिन आहे ना? कुठं बसवलंय?"

"आत, टप्प्यावर. वरनं कुठं पानी ओढतंय सायब? चार परसाच्या, म्हंजी चार मानसांच्या उंचीच्या खाली पानी गेलं की इंजिन नुसतं गुरगुरतं, पानी काय वर येत न्हाई."

"ही विहीर किती खोल?"

"सात परस."

"तळ दिसेपर्यंत उपसली होती?"

"तर! तळाला चिखल तुडवत हुती की मानसं."

एवढं बोलून जोतिबा स्वतःच्याच तोंडाकडं बघितल्यासारखा थांबला.

"हे तुला सकाळी का सुचलं नाही?" मगदूमांनी दात आवळून विचारलं.

"तुमी इचारलंच न्हाई."

जोतिबाला झापायला मगदूमांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या स्वतःच्या उसाच्या विहिरीतही इंजिन टप्प्यावरच होतं. लहानपणापासून ते बघत आले होते. पण सकाळपासून सगळं गाव कंदील कंदील म्हणत होतं, आणि तेही खाली कंदिलाकडंच बघत बसले होते.

ते काठावर पालथे पडले, खाकी कपड्यांची पर्वा न करता. विहिरीच्या निम्म्यावर एक कोरलेला टप्पा होता. टप्प्यावरच्या दगडाला काजळीचा पट्टा होता. कुणीतरी तो पुसायचा प्रयत्न करून आणखी पसरवून ठेवला होता.

"आकारामाला बोलाव," ते पडल्यापडल्या म्हणाले. "आणि त्याच्या बहिणीला."

आकाराम आला. पंचविशीतला, खांदे रुंद, डोळे लाल. डोकं त्याचंही दुखत होतं; अर्जुनाला काढायला तोच उतरला होता.

"इंजिन वर कुणी काढलं?" मगदूमांनी विचारलं.

आकाराम बहिणीकडं न बघता म्हणाला, "वरच हुतं."

"नानासोनं मला त्याचं नाव म्हणून तेच सांगितलं. आता तुझं नाव सांगतोस की खरं सांगतोस?"

आकाराम पायानं गाळ उकरत राहिला. मग एकदम म्हणाला, "मी काडलं. आमी चौगांनी. मी, नानासो आनि दोगं."

"आकाराम!" दगडाबाईचा आवाज फाटला.

"आक्का, कंदील जळत हुता गं! इंजिनाचा काय दोष? दाजीला वर काडला, आन् निकम सायबानं आमाला बाजूला घेतलं. म्हनलं, इंजिन आत ठिवून मानसं उतरवायची न्हाईत आसा हुकूम हाय. इंजिनाचं नाव निगालं तर इंजिन परत जाईल, टोळी परत जाईल. मंग गावानं ह्या म्हसराच्या पान्यात जगायचं. पोरं हगवनीनं पटापट मरतील. सरपंच बी हूं म्हनलं, सगळीच हूं म्हनली. मी बी म्हनलो."

"दाजी पिऊन हुता म्हनलास?" दगडाबाईनं विचारलं.

"त्ये सायब म्हनलं. मी गप ऱ्हायलो."

दगडाबाईनं भावाच्या थोबाडात दिली. कुणी मधे पडलं नाही. मग तिनं त्याचा हात धरला आणि सोडला नाही, आणि मगदूमांना म्हणाली, "म्हंजी इंजिनानं मारलं?"

"त्याच्या धुरातल्या हवेनं. विहीर म्हणजे बंद खोली, बाई, वरून उघडी दिसली तरी. इंजिन निम्म्यावर, माणसं तळाला. रॉकेल जळतंय, हवा खाली साठतेय. ती हवा कंदील विझवत नाही. माणूस विझवते."

"आन् उद्या?"

उद्याचं मगदूमांना माहीत नव्हतं.

६

उद्या उजाडलं आणि लालासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इंजिन रातोरात हलवून वरच्या वस्तीची विहीर उपसून झाली होती. आता ते टप्प्यावर धडधडत होतं. तळाला झरे जिवंत होते, म्हणून गडी घाण काढत असेपर्यंत ते चालूच ठेवावं लागणार होतं. मोठे साहेब सोमवारी येणार होते.

"हा तर्क झाला," लालासाहेब म्हणाले. "पुण्याचा अहवाल आला का? नाही. कंदील जळतोय का? बघा, जळतोय. आणि मगदूमसाहेब, तुमचा अधिकार चोरांवर. इंजिनावर नाही."

"परवा तुम्हीच इंजिन बाहेर काढायला लावलं."

"गैरसमज टळावा म्हणून. विनाकारण लोक घाबरतात. त्या धुरानं काही होत नाही."

मगदूमांनी आजूबाजूला बघितलं. टोळीतले गडी दोर कमरेला बांधत होते. गूळ वाटून झाला होता. आकाराम, डोळे लाल, बहिणीचा हात सोडवून घेत होता. "आक्का, मी न्हाई तर दुसरं कुनी उतरंल. पानी तर पायजेच."

जोतिबा कानाशी आला. "सायब, कोंबडी सोडू खाली? कोंबडी मेली की सगळी मानतील."

"कोंबडीनं काय केलंय?" मगदूम खेकसले. ते जैन श्रावक होते. मुंगीलाही वाट देऊन चालणारे. "कोंबडीनं कुठं अहवाल लिहिलाय?"

एवढं बोलले आणि मगदूम एकदम निवले. त्यांनी टोपी काढून जोतिबाकडं दिली, बूट काढले, पँट दुमडली.

"निकमसाहेब," ते अत्यंत आदरानं म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही शिकलेला माणूस. तुम्ही म्हणता धुरानं काही होत नाही, तर नसेल होत. गडी मात्र भ्यालेत. त्यांची भीती घालवायला आपण दोघं आधी खाली जाऊ. तळाला कंदील मधे ठेवून बसू. जोतिबा, कुणाच्या तरी घरातून दोन कप चहा आणायला सांग. इंजिन चालू राहू दे, नानासो."

गडी थांबले. वस्तीवरच्या बायाही घागरी खाली ठेवून जवळ आल्या.

लालासाहेब हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले.

"मला... चिखलाची सवय नाही."

"धोतर देतो की," वस्तीवरचा एक म्हातारा तत्परतेनं म्हणाला.

"मला ब्लडप्रेशर आहे."

"डॉक्टर शाळेत आहेत," मगदूम म्हणाले. "चला. मी पुढं होतो, तुम्ही मागून या."

त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. इंजिनाची थरथर तळपायाला लागली. हा माणूस खरंच मागून आला तर, हा विचार त्यांनी केलाच नव्हता. दुसरी पायरी. तिसरी. वर इस्त्रीचा शर्ट काठाशी आला. एक बूट निघाला. दुसऱ्याची नाडी सुटेना. सगळं गाव त्या नाडीकडं बघत होतं.

"थांबा!" लालासाहेब ओरडले. "वर या! नानासो, बंद कर ते! बंद कर म्हणतो ना!"

नानासो पायऱ्यांवरून धावला. इंजिन दोन उचक्या देऊन गप्प झालं. इतका वेळ ते किती आवाज करत होतं, हे तेव्हा कळलं.

दगडाबाई पुढं आली. "म्हंजी तुमाला ठावं हुतं, सायब."

"ठाऊक नव्हतं," लालासाहेब एका पायात बूट घेऊन म्हणाले. "नुसती शंका होती."

"आन् शंका असताना तुमी त्यानला खाली सोडलं. आन् वर त्यो प्यालेला हुता म्हनलं."

"सोमवारी पाहणी होती हो..." लालासाहेब म्हणाले, आणि हे वाक्य मोठ्यानं कसं ऐकू येतं ते त्यांनाही कळलं असावं. पुढचं त्यांनी गिळलं. मगदूमांनी वर येऊन त्यांचा दंड धरला. लालासाहेबांनी हात सोडवला नाही. फक्त बूट घालू द्या म्हणाले.

७

इंजिन आधी दोर लावून बाहेर काढलं. मग खालची वाईट हवा हलून निघून जावी म्हणून बायांनी आणि गड्यांनी लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून विहिरीत वरखाली वरखाली घुसळल्या, दुपार कलेपर्यंत. झऱ्याचं पाणी तळाला साठलं ते बादल्यांनी उपसायचं ठरलं. काम तिप्पट होणार होतं. मोठ्या साहेबांना सोमवारी विहीर अर्धी घाणेरडी दिसणार होती. बिराप्पानं टोळीला सांगितलं, "दिसू दे. त्यास्नी कुटं त्यातलं प्यायचंय?"

मगदूमांनी पंचनाम्यातून मद्यप्राशन हा शब्द खोडला. बाजूला कारण लिहिलं, आणि खाली सरपंचाची सही घेतली. सरपंच सही करताना हूं म्हणाले.

मग आकाराम उतरला. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक रीतीप्रमाणं गड्यांच्या हातात असायचं, पण दगडाबाईनं ते हिसकावून घेतलं आणि आपल्या कमरेला दोन वेढे मारले. परवाच नवरा गेलेली बाई असं करते का, असं एक म्हातारी पुटपुटली. दगडाबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही.

"आकाराम!" ती विहिरीत ओरडली.

"व्हय!"

थोडा वेळ गेला. घमेलं भरल्याचा आवाज आला.

"आकाराम!"

"व्हय गं!"

मगदूम काठावर उकिडवे बसले होते. जोतिबानं त्यांना चहा आणून दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"आकाराम!"

"आगं हाय की! घडीघडीला काय हाका मारतीस? काम करू दे की मला!"

"वरडू नगं, नुसतं व्हय म्हन," दगडाबाई म्हणाली. तिनं दोराचा हाताला आणखी एक वेढा घेतला आणि पुन्हा हाक मारली.